उकडलेले पाच बटाटे

सोमवारी पहिल्या तासाला काहीच पेटलं नाही.
पाच कच्चे बटाटे, एकामागे एक,
प्रत्येकात जस्ताच्या मुलाम्याचा एक खिळा
आणि तांब्याच्या तारेचा एक तुकडा.
तार जळक्या मोटरीतून उलगडलेली,
रुफिनोच्या काकाने दिली; फुकट नाही, दोन अंड्यांना.
शेवटी लाल दिवा, मसुराएवढा,
खेळण्यातल्या मोडक्या पोलीसगाडीच्या टपावरचा.

मी म्हणालो, थांबा.
पोतोसीच्या या उंचीवर पाणी लवकर उकळतं
आणि अन्न शिजायला टाळाटाळ करतं,
मग विजेनेच वेळ का पाळावी?
थांबलो.
वारा पत्र्यावर वाळू फेकत राहिला.
अकरा मुलं दिव्याकडे बघत होती,
मग हळूहळू माझ्याकडे बघू लागली.
मी तारा पुन्हा खोचल्या. उलट्या जोडल्या. सुलट्या जोडल्या.
खालच्या खोऱ्यातून आलेला मास्तर,
बटाट्यापुढे घामाघूम.

"कच्चं खाऊन कुणाला ताकद येते, सर?"
देल्फिना कोल्केने तिची शिदोरी उघडली.
पट्ट्यापट्ट्यांच्या लोकरी फडक्यात
पाच बटाटे, सालीसकट उकडलेले,
अजून कोमट.
पाचच होते. मी मोजले, आणि तिने मला मोजताना पाहिलं.

खिळे रुतले. तारा रुतल्या.
फडकं आम्ही डोक्यांवरून ओढलं,
अकरा मुलं आणि मी,
लोकर, धूर, शेळीचं दूध, कुणाचे तरी ओले मोजे,
त्या सगळ्या वासाच्या मधोमध
तो लागला.

उजेड कसला, किन्वाच्या दाण्यावर
कुणी कुंकू लावावं तसा.
पण आत कुणी श्वास घेत नव्हतं.

मग मी शिकवलं. शिकवणं हे माझं काम.
म्हणालो, शिजल्यावर आतल्या भिंती पडतात,
वाट मोकळी होते.
पण बटाटा ही नुसती वाट.
उजेड खिळ्याचा.
जस्त विरघळतं, कणाकणाने,
खिळा झिजतो आणि दिवा जळतो.
"मग नाव बटाट्याचं का?" रुफिनो चिडला.
मला उत्तर आलं नाही.

"जस्त," देल्फिना म्हणाली, "म्हणजे ते आपलंच?"
खिडकीबाहेर डोंगर होता.
डोंगराच्या पोटात दुसरी पाळी चालू होती,
आणि त्या पाळीत तिचे वडील.
मी मान हलवली.
सगळ्यांनी एकदा डोंगराकडे पाहिलं,
एकदा खिळ्याकडे,
आणि मी फळ्यावर उगाचच काहीतरी पुसलं.

मधल्या सुट्टीत ती ते बटाटे सोलायला बसली.
मी धावलो. नको, म्हणालो,
त्यात आता जस्त उतरलंय, तांबं उतरलंय, ते विष.
तिने साल तशीच नखात धरून ठेवली.
"आमच्या नदीतही उतरलंय," म्हणाली,
"बाबा सांगतात.
आई त्याच पाण्यात हे शिजवते."

रागावून नाही. मला माहिती देत होती,
मी परगावचा म्हणून.

रुफिनोने तिला अर्धी भाकर दिली,
बेनितोने मक्याचे भाजलेले दाणे,
मी माझं अंडं. (त्याच दोन अंड्यांपैकी
एक काकाने परत पाठवलं होतं. ती गोष्ट वेगळी.)

दिवा संध्याकाळपर्यंत लागून होता.
दुसऱ्या दिवशी सकाळी विझलेला.
माझ्याआधी देल्फिना वर्गात होती.
तिने एक खिळा उपसला, झग्याला पुसला.
टोकाकडे तो काळवंडला होता, खरबरीत,
चव घेतल्यासारखा कुणीतरी.
"हा नेऊ?"
"कशाला?"
"बाबांना दाखवते."

तिने तो तळहातावर धरला,
वर-खाली केला,
बाजारात बायका
आपलं माप बरोबर आहे ना, ते पाहतात तसा,
आणि खिशात टाकला.